तो सव्वापाच वर्षांचा असताना गेला, हे आधी सांगा

ताई, नमस्कार.

गेली २२ वर्षं मी डोबरमन कुत्री वाढवतोय. पाच चॅम्पियन माझ्या घरात जन्मले. अलीकडे मात्र या सगळ्याचा पायाच हलल्यासारखा झालाय. कुत्र्यांच्या शोला पूर्वीसारख्या एन्ट्री येत नाहीत, रिंगमध्ये तेच ते पन्नाशीपुढचे चेहरे दिसतात. नॉर्वेत तर कोर्टानेच कॅव्हेलियर या कुत्र्यांच्या जातीची पैदास बंद केली म्हणे. आज कॅव्हेलियर, उद्या आम्ही? लोक ‘ब्रीडर’ हा शब्द आता शिवी दिल्यासारखा उच्चारतात. माझी मुलगी पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा म्हणाली, “बाबा, तुमच्या हौसेचं मोल कुत्री चुकवतात.” तेव्हापासून आम्ही धड बोललेलो नाही.

माझा सगळ्यात चांगला नर यंदा अचानक गेला. सव्वापाच वर्षांचा होता. बागेत चेंडूमागे धावला आणि कोसळला. डॉक्टरांनी उघडून पाहिलं, हृदय पसरलेलं होतं. असो. त्याची मुलगी साडेतीन वर्षांची आहे, पुढच्या महिन्यात माजावर येईल. तिच्यासाठी एक परदेशी चॅम्पियन जवळजवळ ठरवलाय. अडीच वर्षांचा आहे, तीन देशांत जिंकलाय. त्याचा आजा आणि माझ्या नराचा आजा एकच, पण संगणकावर काढलं तर पिल्लांचं इनब्रीडिंग, म्हणजे नात्यातल्या जोडीचं प्रमाण, दीड टक्काच येतं. हे वेत झालं तर माझी लाइन, म्हणजे माझ्या कुत्र्यांचं घराणं, टिकेल. नाहीतर केनेलच, म्हणजे हे कुत्री वाढवण्याचं कामच, बंद करावं असं मनात येतं. काय करू?

माझ्या नराची नऊ वेतं झाली, एकूण ६१ पिल्लं. त्याच्या जाण्याबद्दल अजून फारसं कोणाला बोललेलो नाही. लाइनचं नाव खराब व्हायला वेळ लागत नाही.

एक डोबरमनवाला

* * *

दादा, नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी अडखळले. ‘असो.’ चॅम्पियन, एन्ट्री, कोर्ट, परदेशी नर या सगळ्यांना तुम्ही ऐसपैस जागा दिलीत, आणि जो तुमच्या डोळ्यांदेखत कोसळला त्याच्या वाट्याला चार तुटक वाक्यं आणि एक असो. तुम्हाला दुःख नाही असं मी म्हणत नाही. उलट ते इतकं असावं की तिकडे बघवत नसेल. पण तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या असोच्या मागेच आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुमच्या नराला जे झालं ते तुम्हाला माहीत आहे, इतर वाचकांसाठी सांगते. डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, थोडक्यात डीसीएम. हृदयाचा स्नायू हळूहळू दुबळा होतो, कप्पे ताणून मोठे होतात, ठोक्यांची लय बिघडते. हे आतल्या आत वर्षानुवर्षं चालू असतं आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. अंगावर तकाकी असते, चाल डौलदार असते, भूक चांगली असते. कित्येक डोबरमनांत या रोगाचं पहिलं दिसणारं लक्षण म्हणजे मरणच. २०१० साली म्युनिकच्या संशोधकांनी ४१२ डोबरमनांच्या तपासण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यात वाढत्या वयाबरोबर हा रोग होण्याचं एकत्रित प्रमाण ५८ टक्के निघालं. अर्ध्याहून जास्त! तेव्हा तुमच्या घराण्याला डाग लागला असं मनात आणू नका. डाग सगळ्यांच्याच कपड्यांवर आहे, तुमचा उजेडात आला इतकंच.

आता कोर्टाची भीती. नॉर्वेची बातमी तुमच्यापर्यंत अर्धीच आली आहे. तिथल्या प्राणी संरक्षण संस्थेने कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा केनेल क्लब, जातींचे क्लब आणि काही ब्रीडर यांच्यावर दावा लावला होता. जानेवारी २०२२ मध्ये ऑस्लोच्या जिल्हा न्यायालयाने इंग्लिश बुलडॉग आणि कॅव्हेलियर या दोन्ही जातींची पैदास बेकायदा ठरवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अपिलात बुलडॉगच्या ब्रीडरांना दिलासा मिळाला, कॅव्हेलियरबद्दलचा निकाल मात्र कायम राहिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. या सगळ्यात एक गोष्ट कोणी सांगत नाही. दुसऱ्या जातीशी, शास्त्रशुद्ध आखणी करून संकर करण्याचा रस्ता न्यायालयांनी मोकळा ठेवला. म्हणजे कॅव्हेलियर नकोतच असं कोणी म्हटलं नाही. आजारी कॅव्हेलियरची आजारी कॅव्हेलियरशी जोडी लावत राहू नका, असं म्हटलं. नेदरलँड्समध्ये २०१९ पासून कुत्र्याचं मुस्कट कवटीच्या लांबीच्या एक-तृतीयांशाहून आखूड असेल तर त्याची पैदास करता येत नाही. तिथेही नेम श्वास कोंडणाऱ्या चेहऱ्यावर आहे, कोणाच्या हौसेवर नाही.

तुमच्या डोबरमनचं मुस्कट लांब आहे, श्वास मोकळा आहे. त्यामुळे असले कायदे तुमच्या दारात यायला बहुधा वेळ लागेल. पण यातून मला दिलासा मिळत नाही, आणि तुम्हीही तो घेऊ नये. बुलडॉगचं दुखणं निदान दिसतं तरी. रिंगभोवती उभ्या असलेल्या लहान मुलालाही त्याची घरघर ऐकू येते. डोबरमनचं दुखणं कोणाला दिसत नाही, जजलाही नाही. २०१२ मध्ये ब्रिटनच्या क्रफ्ट्स शोमध्ये पहिल्यांदा १५ जोखमीच्या जातींच्या विजेत्यांना पशुवैद्याकडून तपासून घेतलं, आणि त्यातल्या सहा जातींच्या विजेत्यांना पुढच्या फेरीला जाऊ दिलं नाही. किती आरडाओरडा झाला तेव्हा! पण ती तपासणीही डोळे, श्वास, कातडी, चाल यांचीच होती. तुमचा नर त्या टेबलासमोर उभा केला असता तर हसत पास झाला असता. कदाचित आदल्या महिन्यात तो एखाद्या शोमध्ये जिंकलाही असेल. जजने दिलेलं पहिलं बक्षीस चुकीचं नव्हतं. दात, खांदा, पाठीची रेघ, चाल, सगळं त्याने बरोबर पाहिलं. त्याला जे बघायला सांगितलं होतं त्यात हृदय नव्हतं.

शोचं भवितव्य काय, हा प्रश्न मला इथे येऊन भिडतो. एन्ट्री कमी झाल्या, तरुण येत नाहीत, याची कारणं दहा असतील. माझ्या मते मोठं कारण हे की, बाहेरच्या माणसाला आता कळायला लागलंय की रिंगमध्ये जे मोजलं जातं आणि कुत्र्याला जगायला जे लागतं त्यांची ताटातूट झाली आहे. सुरुवातीला ती नव्हती. १८५९ च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला पॉइंटर आणि सेटर कुत्र्यांचं जे प्रदर्शन भरलं, ते पहिला संघटित डॉग शो मानलं जातं. तिथे बक्षीस म्हणून बंदुका दिल्या होत्या, कारण जमलेले सगळे शिकारी होते आणि कुत्री दुसऱ्या दिवशी रानात कामाला जाणारी होती. मग १८७३ मध्ये ब्रिटनचा केनेल क्लब झाला, १८८४ मध्ये अमेरिकेचा, १९११ मध्ये एफसीआय ही आंतरराष्ट्रीय संघटना. त्या काळात एकेका जातीची नोंदवही बंद होत गेली. आई-बाप दोघंही वहीत असतील तरच पिल्लू वहीत. ज्यांनी हे नियम केले त्यांच्या मनात पाप नव्हतं. त्यांना काहीतरी सुंदर जपून ठेवायचं होतं. पण बंद पेटीत ठेवलेलं धान्य आणि बंद पेटीत ठेवलेलं रक्त यांत फरक असतो, हे कळायला शंभर वर्षं लागली.

तुमच्याच जातीचं बघा. जर्मनीतल्या आपोल्डा गावचा लुई डोबरमन करवसुली करायचा आणि सोबतीला एक धाडसी, राखणदार कुत्रा हवा म्हणून त्याने जवळपासची कुत्री एकत्र आणली, असं सांगतात. कोणती आणली याची त्याने नोंद ठेवली नाही, आजही त्याबद्दल अंदाजच बांधले जातात. तो १८९४ मध्ये वारला. १८९९ मध्ये त्याच गावात ओटो ग्योलर याने पहिला डोबरमन क्लब काढला. म्हणजे ज्या शुद्धतेसाठी आपण जीव टाकतो तिचं वय सव्वाशे वर्षं आहे आणि तिच्या मुळाशी सरमिसळच आहे. मला यात कमीपणा वाटत नाही. एका माणसाने गरजेपोटी इतका देखणा, इतका माणसाला लागून राहणारा प्राणी घडवला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. फक्त ती घडवताना त्याने दार बंद केलं नव्हतं, एवढं आपण लक्षात ठेवायला हवं.

आता तुमचा दीड टक्का. तो आकडा खोटा नाही, पण संगणकाला तुम्ही जेवढ्या पिढ्या भरून दिल्यात तेवढ्याच त्याने पाहिल्या. त्याआधीची सगळी कुत्री एकमेकांची कोणी लागत नव्हती, असं धरून त्याने हिशेब केला. प्रत्यक्षात ती कुत्री एकमेकांची चुलत, मावस, सावत्र भावंडं होती आणि त्यांचे आई-बापही. २०२१ मध्ये २२७ जातींचा हिशेब वंशावळीवरून न करता थेट जनुकांवरून मांडला गेला, तेव्हा इनब्रीडिंगची सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास निघाली. एकमेकांशी नातं नसलेल्या आई-बापांच्या पोटी जन्मलेल्या सख्ख्या बहीण-भावांची जोडी लावली तर पिल्लांत जेवढी येते तेवढी. ही सरासरी आहे दादा, टोकाच्या जातींचा आकडा नव्हे. २००९ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने बाप-मुलगी, आई-मुलगा आणि सख्खी भावंडं यांच्या पिल्लांची नोंद घेणं थांबवलं, ते चांगलंच केलं. त्याच्या आदल्या वर्षी बीबीसीवर एक माहितीपट दाखवला गेला नसता आणि देशभर संताप उसळला नसता तर ते इतक्या लवकर झालं असतं का, याची मला शंका आहे. त्या वेळी अनेक ब्रीडरांनी त्या माहितीपटाला शत्रू मानलं. पण वहीत वेगवेगळी नावं असली म्हणजे रक्त वेगळं असतं, हा समज काही त्या एका नियमाने गेला नाही.

आणि तो परदेशी नर. अडीच वर्षांचा, तीन देशांत जिंकलेला. त्याच्या दारात आज रांग असणार. पाच वर्षांचा होईपर्यंत त्याची शेकडो पिल्लं जगभर पसरू शकतात, आणि त्याचं स्वतःचं हृदय कसं आहे हे त्यानंतर कळेल. तुमच्या नराचं हेच झालं ना? ६१ पिल्लं आधी झाली, हृदयाचा निकाल नंतर लागला. डीसीएम उशिरा डोकं वर काढतो आणि आपण कुत्र्यांना लवकर वापरतो. सगळा घोळ या दोन वाक्यांत आहे. त्यात दोघांचा आजा एकच. तो आजा किती वर्षं जगला, कशाने गेला, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. तुम्हाला माहीत असेल आणि लिहिलं नसेल तर स्वतःलाच विचारा, का लिहिलं नाही. माहीत नसेल तर ती जोडी लावण्याचा विचारच करू नका.

तेव्हा पुढच्या महिन्यातल्या माजाला नको. हे अगदी स्पष्ट सांगते. या महिन्यात तिचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करा आणि २४ तासांचा हॉल्टर, म्हणजे ठोके टिपणारं अंगावरचं यंत्र, लावा; त्यातून दिवसभरात किती ठोके जागा सोडून पडतात ते कळेल. २४ तासांत असे ३०० हून जास्त ठोके निघाले तर रोग आहे असंच धरतात, ५० च्या वर गेले तर संशय धरून पुन्हा तपासायचं. ती निर्मळ निघाली तर आनंद माना, पण आजची निर्मळ तपासणी आजपुरतीच असते. दरवर्षी करावी लागेल. जनुकचाचणीही मिळते, करायला हरकत नाही, पण तिच्यावर निकाल सोपवू नका. अमेरिकेतल्या डोबरमनांत सापडलेली जनुकं युरोपातल्या कुत्र्यांना तशीच लागू पडत नाहीत.

त्यानंतरचा माज येईपर्यंत ती चार-सव्वाचार वर्षांची होईल. तेव्हाही तपासणी चांगली असेल तर तिला म्हातारा नवरा बघा. आठ वर्षांपुढचा, हॉल्टर स्वच्छ असलेला, ज्याचे आई-बाप दहाच्या पुढे जगले आणि तिच्याशी ज्याचं नातं लांबचं आहे असा. तो चॅम्पियन नसला तरी चालेल. त्याचा खांदा थोडा सरळ असेल, डोळे थोडे फिकट असतील, ते पुढच्या दोन पिढ्यांत सुधारता येतं. आठ वर्षं धडधडलेलं हृदय मात्र कोणत्याही रिंगमध्ये विकत मिळत नाही. आणि तुमच्याकडे पुढे एखादा देखणा तरुण नर आलाच, तर त्याचं वीर्य दोन वर्षांचा असताना गोठवून ठेवा आणि तो नऊ-दहा वर्षांचा होऊन बागेत उन्हाला लोळताना दिसला की मग वापरा. तंत्र कधीपासून उपलब्ध आहे, धीर कमी पडतो.

हे करूनही एक दिवस असा येईल की डोबरमनांत दूरचं नातं सापडणारच नाही. तेव्हा दार उघडावं लागेल. याबद्दल बोललं की क्लबच्या बैठकीत काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून डाल्मेशियनची हकिकत सांगते. डाल्मेशियनच्या जातीत एक जनुक असं पक्कं बसलं होतं की त्याने लघवीत युरिक आम्ल साठायचं, खडे व्हायचे, नरांची लघवी तुंबायची. एकही शुद्ध डाल्मेशियन त्यातून सुटलेला नव्हता, त्यामुळे जातीतल्या जातीत कितीही निवड केली तरी उपाय नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? १९७३ मध्ये रॉबर्ट शायबल या अमेरिकन शास्त्रज्ञाने एकदा, फक्त एकदा, पॉइंटरचं रक्त आणलं आणि नंतर प्रत्येक पिढीत पुन्हा डाल्मेशियनच वापरला. पाचव्या पिढीपर्यंत पॉइंटरचा वाटा तीन टक्क्यांवर आला, कुत्री दिसायला डाल्मेशियनच आणि लघवी निरोगी. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने त्यातल्या दोघांची नोंद केलीही. मग जातीच्या क्लबातून विरोध झाला आणि नोंदी थांबल्या. पुन्हा सुरू व्हायला २०११ साल उजाडलं. ३० वर्षं! त्या ३० वर्षांत खड्यांच्या वेदनेने किती कुत्री तळमळली असतील, याचा विचार मनात आला की मला राग आवरत नाही. कोणाच्या नावाने रागवावं तेही कळत नाही, कारण विरोध करणारी माणसंही त्याच जातीवर प्रेम करणारी होती.

डीसीएम इतकं सोपं नाही, हे मान्य. एका जनुकाचा खेळ नाही, अनेक जनुकं गुंतलेली आहेत, तेव्हा एका संकराने प्रश्न सुटणार नाही. पण ‘दार उघडायचं का’ ही चर्चा तुमच्यासारख्या २२ वर्षं घातलेल्या माणसाने सुरू केली तर लोक निदान ऐकून घेतील. बाहेरच्याने केली तर कोणी खुर्चीवरून हलणारसुद्धा नाही. केनेल बंद करू नका असं मी म्हणते ते एवढ्यासाठी. तुम्ही बंद केलंत तर पिल्लं जन्मायची थांबणार नाहीत. ती हॉल्टरचं नावही न ऐकलेल्या माणसाकडे जन्मतील. आणि कोणी म्हणालं की या कटकटीपेक्षा दोन जातींचं मिश्र पिल्लू घ्यावं, ते आपोआप निरोगी असतं, तर तेही खरं नाही. न तपासलेला लॅब्रडॉर आणि न तपासलेला पूडल एकत्र आणले तर न तपासलेलंच पिल्लू मिळतं.

तुम्ही क्लबात जुने आहात, म्हणून आणखी एक काम सुचवते. डोबरमनला चॅम्पियन पद द्यायचं असेल तर गेल्या १२ महिन्यांतला हॉल्टर आणि इको जोडलाच पाहिजे, आणि पद कायमचं मिळण्याआधी वयाची अट असावी, असा ठराव मांडा. पहिल्यांदा पडेल. पुन्हा मांडा. व्हेटरन वर्ग बहुतेक शोमध्ये सकाळी रिकाम्या खुर्च्यांपुढे उरकला जातो. आठ वर्षांपुढचे कुत्रे ताठ मानेने चालत येतात आणि टाळ्या वाजवायला दहा माणसं नसतात, हे बघून मला दर वेळी गलबलून येतं. तो वर्ग संध्याकाळी, मुख्य रिंगमध्ये, सगळ्यांसमोर घ्या. डोबरमनसारख्या जातीत दहा वर्षांचा कुत्रा धावत आला तर त्याच्याहून मोठा विजेता कोण?

मुलीचं बोलणं तुम्हाला लागलं. लागणारच, कारण ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं तिला अजून दिसलेलं नाही: वेताच्या रात्री तुम्ही जमिनीवर झोपता, अशक्त पिल्लाला दर दोन तासांनी बाटली देता, विकलेल्या कुत्र्यांच्या म्हातारपणी त्यांच्या मालकांचे फोन घेता. हे तिने लहानपणापासून पाहिलं असेल, म्हणूनच कदाचित ती पशुवैद्यक होते आहे. तिच्याशी वाद घालू नका. शुद्ध जातीची बाजूही घेऊ नका. स्वभावाचा मुद्दा तुम्ही काढलात तर ती तुम्हाला २०२२ चा मोठा अभ्यास दाखवेल, ज्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातला सुमारे नऊ टक्केच फरक जातीवरून सांगता येतो असं निघालं. आणि तिचं बरोबर असेल. त्यापेक्षा तिच्यासमोर तुमची वही ठेवा. २२ वर्षांतली प्रत्येक पैदास, प्रत्येक पिल्लू, कोण किती जगलं, कशाने गेलं. ज्या रकान्यात काही लिहिलेलं नाही, तो तुम्ही दोघं मिळून भरा. तिचं शिक्षण आणि तुमची वही एका टेबलावर आली तर त्यातून काहीतरी निघेल, असं मला मनापासून वाटतं.

आता शेवटच्या ओळीकडे येते. ‘फारसं कोणाला बोललेलो नाही.’

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तुमच्या जगात सगळेच जाणतात. मीही त्यातून गेले आहे. पूर्वी मी लॅब्रडॉर पाळायचे, दोन वेतं घेतली. दुसऱ्या वेतातल्या आईच्या खुब्यांचा एक्स-रे नंतर काढला, तो चांगला नव्हता. ज्यांनी विचारलं त्यांना मी सांगितलं. बाकीच्यांना नाही सांगितलं. मी खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला कित्येक वर्षं समजावत राहिले. मग त्यातल्या एका कुत्र्याच्या मालकाने जिना चढता येत नाही म्हणून त्याला उचलून नेताना मला सहज, काही तक्रार न करता, सांगितलं की हे आधी कळलं असतं तर आम्ही लहानपणी त्याचं वजन वाढू दिलं नसतं. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल काहीच राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

तुमच्या बाबतीत तर गप्प राहण्याने जीव जाऊ शकतात. पिमोबेंडन नावाचं औषध आहे, तुमची मुलगी सांगेल. लक्षणं दिसायच्या आधी, फक्त तपासणीत रोग पकडला गेलेल्या डोबरमनांना ते दिलं तेव्हा हृदय निकामी होण्याचा किंवा अचानक मरणाचा क्षण साधारण ४४१ दिवसांवरून ७१८ दिवसांवर गेला, असं २०१२ च्या अभ्यासात दिसलं. म्हणजे जवळजवळ नऊ महिने जास्त. तुमच्या नराच्या ६१ पिल्लांपैकी जी आज तीन-साडेतीन वर्षांची असतील, त्यांच्या घरात कोणाला काही कल्पना नाही. मालकाला वाटतंय कुत्रा एकदम ठणठणीत आहे. तो रोज त्याला सायकलमागे पळवत असेल. त्याला हे नऊ महिने मिळायचे की नाहीत, ते तुमच्या एका फोनवर आहे.

म्हणून वही उघडा आणि फोन करायला लागा. त्याची पिल्लं गेलेल्या सगळ्या घरांना, आणि ज्या ब्रीडरांनी त्याला वापरलं त्यांना. क्रम लावायचाच तर आधी ते, ज्यांच्याकडे त्याचा मुलगा आहे आणि ज्यांचा यंदा त्याला पैदाशीला लावायचा विचार आहे. त्यानंतर वयाने मोठी असलेली सगळी. मग बाकीची. जास्त बोलू नका, माफीही लगेच मागू नका, माणसं गोंधळतात. एवढंच सांगा: “तुमच्या कुत्र्याचा बाप अमुक तारखेला गेला. सव्वापाच वर्षांचा होता. डीसीएम निघालं. तुमच्याकडच्याचा हॉल्टर आणि इको या महिन्यात करून घ्या, आणि निकाल मला कळवा, मी लिहून ठेवतोय.” काहीजण चिडतील. एखादा तुमच्या नावाने बोंब मारेल. पण कोणीतरी दुसऱ्या बाजूने क्षणभर गप्प राहील आणि म्हणेल, “माझाही मागच्या वर्षी असाच गेला. मी कोणाला बोललो नव्हतो.” त्याचं वय विचारा, आणि वहीत लिहा.

पहिल्या फोनच्या वेळी मुलीला शेजारी बसायला सांगा. औषधाबद्दल कोणी विचारलं तर फोन तिच्याकडे द्या.